बाकी सगळं सारखं

गांधी बझारात अवरेकाई दिसायला लागली की बसवनगुडीतली माणसं स्वेटर बाहेर काढतात. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण इथला पावटा फुगीर, हिरवागार, आणि पहाटेच्या दवात भिजला की त्याला एक तेलकट, थोडा कडवट वास येतो. त्या वासाला कन्नडमध्ये ‘सोगडु’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत मला अजून सापडलेला नाही. काल संध्याकाळी भाजीवालीने मूठभर शेंगा थेट माझ्या नाकाशी धरल्या आणि म्हणाली, “सोगडु नोडी अक्का.” वास तर बघा. मी घेतल्या. घरी आणून सोलल्या, दाणे भिजत घातले, आज सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढत बसले. आपल्या डाळिंब्यांसारखंच ते काम. हात चालत राहतात आणि डोकं मोकळं राहतं. मोकळ्या डोक्यात माझा इथला पहिला हिवाळा कधी येऊन बसला ते कळलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात वडील गेले होते. त्यांच्या आजारपणात माझी चाळिशी उलटून गेली होती. सोलापूरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत असे, तेही दर वर्षी नव्याने नेमणूक होईल तसं. भाऊ पुण्याहून म्हणाला, “ताई, आमच्याकडे ये, एक खोली आहे.” त्याच्या आवाजात माया होती, पण त्या खोलीत सध्या काय काय ठेवलेलं आहे तेही मला माहीत होतं. बंगळुरूतल्या एका लहानशा संशोधन संस्थेला माणूस हवा होता. गरिबी, बेकारी, नोकऱ्यांमध्ये होणारा भेदभाव, असल्या गोष्टी मोजणारी संस्था. मी अर्ज केला आणि नेमणूक झाली, तेव्हा ‘जाऊ का?’ असं विचारायला आता सोलापुरात कुणी उरलं नाही, एवढंच पहिल्यांदा जाणवलं.

बसवनगुडीत पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. खाली घरमालकांचं शिलाईमशीन दुरुस्तीचं दुकान. दिवसभर कुणाचं तरी मशीन खडखडत असायचं, ती एक सोबत होती. रविवारी दुकान बंद. एका रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी ऑफिसातून निघाल्यापासून मी एक शब्दही बोललेले नाही. घसा आहे की नाही बघायला मी स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. आवाज खरखरीत निघाला. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

ऑफिसात मात्र मला दोन आवाज होते.

माझ्या टेबलावर दोन मोबाईल असायचे. एक दीपाचा, दुसरा नसरीनचा. दीपा आणि नसरीन जगात कुठेच नव्हत्या. आम्ही त्या तयार केल्या होत्या, आणि त्या का तयार केल्या हे सांगायला हवं.

एखाद्या कंपनीच्या मालकाला विचारलं की, बाबा, नोकरी देताना तू नावगाव बघून माणूस निवडतोस का, तर तो हो म्हणणार नाही. खोटंच बोलेल असंही नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही माहीत नसतं. बरं, कुणाला नोकरी मिळाली आणि कुणाला नाही एवढंच बघावं, तर कारणं पुढे येतात. हिचं शिक्षण कमी होतं, हिला अनुभव नव्हता, हिचं इंग्रजी कच्चं होतं. म्हणून ही कारणं आधीच काढून टाकायची. एकाच जागेसाठी दोन अर्ज पाठवायचे. दोन्हींत शिक्षण तेच, अनुभव तेवढाच, वय तेच, भाषा त्याच. बदलायचं फक्त नाव. आधी कोणता अर्ज जाईल, कोणाला कोणता पत्ता मिळेल, हेही आपण ठरवायचं नाही. संगणकाने चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आणि मग फोन कुणाला येतो ते बघत बसायचं. वर्गात फळ्यावर मी वर्षानुवर्षं लिहीत आले होते, ‘बाकी सगळं सारखं ठेवून’. मुलं ते उतरवून घ्यायची. बाकी सगळं सारखं ठेवायला किती खटाटोप करावा लागतो हे मला स्वतःला बंगळुरूत कळलं.

दोघी बी. कॉम. होत्या, दोघींनी हिशेबाच्या कामाचा संगणकाचा कोर्स केलेला, दोघींना कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येत होतं. फोन आला की मी तो घ्यायचा, हिंदीत बोलायचं, आवाज विशीतल्या मुलीसारखा हलका करायचा, आणि नम्रपणे सांगायचं की मला दुसरीकडे काम मिळालं आहे, माफ करा. हे लगेच सांगायचं, म्हणजे त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलवावं आणि कुणाची खरी जागा अडू नये.

दीपाचा फोन वाजायचा. पीण्यातल्या कारखान्यांतून, हेब्बाळच्या बाजूच्या नव्या इमारतींतून, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतून. लोक छान बोलत. “कुठे राहता? बस मिळते ना तिथून?” असं विचारत. मी नाही म्हटल्यावरही कुणी कुणी “ऑल द बेस्ट” म्हणत. ह्या शहरात दिवसभरात माझ्याशी सगळ्यात गोड बोलणारी माणसं ती होती, आणि ती माझ्याशी बोलतच नव्हती.

नसरीनचा फोन गप्प असायचा. पहिल्या आठवड्यात मी तो उचलून चार्जिंग बघितलं. मग रेंज बघितली. मग वाटलं, कार्डातच काही बिघाड असेल. मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला. तो वाजला. त्याच्या पडद्यावर माझाच नंबर चमकत राहिला आणि मी तो वाजू दिला.

“अय्यो, स्वतःलाच फोन लावताय?” समोरच्या टेबलावरून सावित्रीअक्का म्हणाल्या.

सावित्रीअक्का अथणीकडच्या. घरोघर जाऊन माहिती गोळा करणाऱ्या मुलींच्या त्या प्रमुख. मराठी घरातल्या, पण बोलताना एक पाय कन्नडमध्ये. चारचौघांत मला मॅडम म्हणायच्या, आम्ही दोघीच असलो की अक्का, जरी वयाने त्याच थोड्या मोठ्या होत्या.

“बंद पडलाय का बघत होते,” मी म्हटलं.

“फोन सरी आहे, ठीक आहे, अक्का,” त्या म्हणाल्या. “तुम्ही स्वल्प चहा घ्या.”

एक फोन आला नाही तर त्याचा काही अर्थ निघत नाही. दोन आले नाहीत तरी नाही. पत्र हरवतं, माणूस विसरतो, जागा भरली जाते. संख्याशास्त्र म्हणतं, थांब. आता हा योगायोग म्हणता येणार नाही, असं होईपर्यंत तो गप्पपणा साठू दे. वर्गात हे शिकवायला सोपं होतं. ऑफिसात तो फोन समोर ठेवून बसायचं म्हणजे कुणाचं तरी तोंड रोज थोडं थोडं उतरताना बघण्यासारखं होतं, आणि ते तोंडही नव्हतं. मीच तिला वडील दिले होते, मीच तिचा पत्ता लिहिला होता. तरी संध्याकाळी तो फोन कपाटात ठेवताना मला तिचं वाईट वाटायचं. ज्याला ऑफिसाबाहेर बोलायला माणूस नाही त्याचं मन असं कुठेही जाऊन चिकटतं.

एका रविवारी मी हेब्बाळचं तळं बघायला गेले. धुकं होतं. पुण्याकडचं एक कुटुंब फिरायला आलेलं. “अरे वीकेंडला तरी फोन बाजूला ठेव ना,” असं ती बाई नवऱ्याला म्हणत होती. मी त्यांच्या मागे मागे थोडं चालले, नुसतं ऐकायला. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं तेव्हा मी पाण्यातल्या पक्ष्यांकडे बघायला लागले.

त्याच हिवाळ्यात संस्थेची दुसरी पाहणीही चालू होती, बेकारीची. मुली कमी पडल्या म्हणून मी सावित्रीअक्कांबरोबर बोम्मसंद्राच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जाऊ लागले. एकाला एक लागून खोल्या, दारात वाळत घातलेले कंपन्यांचे निळे सदरे, हवेत रंगाचा आणि तापलेल्या रबराचा वास. दुपारी त्या गल्ल्यांमध्ये बायका आणि लहान मुलं एवढीच असत. आम्ही एका दाराशी कुठलं घर आधी घ्यायचं ते बोलत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, “तुम्ही मराठी हाय का?”

ती मुबीना. निपाणीची. वय तिशीच्या आत, अंगावर नवऱ्याचा स्वेटर, हाताला पीठ लागलेलं. नवरा टायरच्या कारखान्यात पाळीवर. “आत या की. उभ्या का?” म्हणत तिने चटई टाकली आणि आम्ही काही बोलायच्या आत चहा ठेवला. निपाणीच्या मराठीतला तो ‘की’ ऐकून मी चपला काढल्या आणि चटईवर बसले. सोलापूर आणि निपाणीची बोली एक नाही, पण तिथे ती मला अगदी माझ्या शेजारच्या घरातली वाटली.

प्रश्न ठरलेले होते.

“गेल्या आठवड्यात तासभर तरी पैसे मिळतील असं काही काम केलंत?”

“न्हाई.”

“काम शोधलंत?”

ती हसली. “पहिलं वर्षभर शोधलं की. बी. कॉम. झालंय माझं, फर्स्ट क्लास. लई ठिकाणी अर्ज टाकले. फोन करून इचारायची मी. ‘नाव काय?’ म्हणायचे. नाव सांगितलं की पलीकडं जरा थांबायचे. लई नाही, जरासंच. मग म्हणायचे, कळवतो. आता ते थांबणं मला फोनवर वळखू येतंय, मॅडम.”

“आणि आता?”

“आता न्हाई शोधत. रोज उठून कशाला?”

“काम मिळालं तर कराल?”

“मिळालं तर करीन की. पण शोधत न्हाई.”

सावित्रीअक्कांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या पाहणीची व्याख्या स्पष्ट होती. बेकार म्हणजे ज्याला काम नाही आणि जो काम शोधतो आहे. जो शोधायचा थांबला, तो बेकार नव्हे. तो मोजणीतूनच बाहेर जातो. मुबीनाच्या नावापुढे ‘घरकाम’ लागलं. व्याख्या चुकीची नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते आणि जिथे मारू तिथे कुणीतरी बाहेर राहणारच, हे मला माहीत होतं. पण तोवर त्या रेघेपलीकडच्या कुणी मला चहा दिला नव्हता.

निघताना ती म्हणाली, “परत या. मराठी बोलायला तरी या.”

मी पुढच्या रविवारी गेले. मग त्याच्या पुढच्याही. ती भाकरी थापायची, मी शेंगा सोलायची, तिचा नवरा पाळी संपवून आलेला असला तर आतल्या कोपऱ्यात पांघरूण घेऊन झोपलेला असायचा, म्हणून आम्ही हळू आवाजात बोलायचो. तिच्या आईच्या हातची आमटी, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींचा खोकला आणणारा वास, माझ्या वडिलांची रोज दाढी करायची सवय. एवढंच. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी ते सगळं पुन्हा एकदा मनात बोलून बघायची.

आणि मग एका सकाळी नसरीनचा फोन वाजला.

बाहेर रिमझिम होती, बंगळुरूत डिसेंबरात पडते तशी, कपडेही भिजत नाहीत अशी. ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मी फोन उचलला तेव्हा आवाज हलका करायचं विसरले होते, पण तो आपोआपच हलका झाला.

पलीकडे शैलजा नावाच्या बाई होत्या. बोम्मसंद्रात पुठ्ठ्याची खोकी बनवणारी लहान कंपनी, तिथल्या हिशेबाच्या विभागाच्या प्रमुख. आमचं बोलणं हिंदीत झालं, मध्ये मध्ये कन्नड. मला आठवतं तसं लिहिते.

“नसरीन? तुमचा अर्ज चांगला आहे. सोमवारी भेटायला याल?”

मी ठरलेलं वाक्य म्हटलं. दुसरीकडे काम मिळालंय, माफ करा.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कधी मिळालं?” बाईंनी विचारलं.

“कालच.”

“अरे देवा.” त्यांनी श्वास सोडला. “नोडम्मा, बघ बाई, तुला राग येऊ नये म्हणून सांगते. आमचे मालक तयार नव्हते. मी पंधरवडाभर त्यांच्या मागे लागले. एकदा बोलवा, भेटा, मग ठरवा, म्हटलं. आज हो म्हणाले. आता मी त्यांना काय सांगू?”

मला उत्तर लिहून दिलेलं नव्हतं.

“सरी, सरी,” त्याच पुढे म्हणाल्या. “तुझं चांगलं झालं ना, मग झालं. तिथे काही त्रास झाला तर ह्या नंबरवर फोन कर. नंबर ठेव माझा. ठेवशील?”

“ठेवते,” मी म्हटलं.

ह्या शहरात आल्यापासून, त्रास झाला तर मला फोन कर, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी फोन खाली ठेवला. संगणकावर नसरीनच्या त्या अर्जापुढे ‘फोन आला’ अशी नोंद केली. एका बाईने पंधरवडाभर केलेलं भांडण त्या दोन शब्दांत मावलं, आणि मावलं ते बरोबरच होतं, कारण आम्ही तेवढंच मोजत होतो. पण दुसरी एक गोष्ट मला बसू देईना. आता तो मालक म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो? एवढं करून बोलावलं आणि आली नाही. पुढच्या वेळी खरीखुरी कुणी नसरीन अर्ज करील तेव्हा त्याच्यापाशी आणखी एक कारण असेल, आणि ते कारण आम्ही त्याला दिलेलं असेल.

मी आमच्या प्रमुखांकडे गेले. शांत स्वभावाचे गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, “सर, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. नसरीनच्या अर्जात जे आहे ते सगळं तिच्याकडे आहे. ती खरी आहे.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “अजून अर्ज जातायत. त्या भागात आत्ता एकाला जरी कळलं तरी सगळं काम वाया जाईल. मग ह्या सगळ्या मुलींच्या वतीने आपल्याला काहीच सिद्ध करता येणार नाही. संक्रांतीपर्यंत अर्ज थांबतील. मग तुम्ही तुमच्या नात्याने जा. मी अडवणार नाही.”

त्यांचं चूक नव्हतं. मी थांबले. त्या रविवारांना मुबीनाकडे जायची, शेंगा सोलायची आणि त्या फोनाचं काही सांगायची नाही. शैलजाबाईंच्या कंपनीत ती जागा कुणी भरली असेल का, ह्या विचाराने एकदा माझ्या हातून दाणे सालीसकट भाजीत गेले. “काय झालंय तुम्हाला, आज लक्ष न्हाई तुमचं,” मुबीना म्हणाली.

संक्रांतीला घरमालकीणबाईंनी तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाण्यांची पुडी दिली, गोड बोला म्हणाल्या, कन्नडमध्ये. ती पुडी घेऊनच मी बोम्मसंद्राला गेले आणि मुबीनाला सगळं सांगितलं. दीपा, नसरीन, दोन फोन, शैलजाबाई.

ती बराच वेळ तीळ बोटाने गोळा करत राहिली.

“म्हणजे मी अर्ज टाकत होते तवा बी असंच होतं,” ती म्हणाली. “माझ्यात काय खोट नव्हती.”

“नव्हती.”

“हे तुम्ही कागदावर काढून दावणार?”

“हो.”

ती उठली, गॅसवरचं भांडं उगाच हलवून ठेवलं. “मी न्हाई यायची, ताई. परत परत त्या दारात जायचं. आलं नाही काही की हे बोलत न्हाईत घरात दोन दिवस. मला काय बोलावं म्हणून बोलत न्हाईत. ते जास्त लागतं.”

तिने पहिल्यांदाच मला ताई म्हटलं होतं आणि ते नाही म्हणताना म्हटलं होतं. कोपऱ्यातलं पांघरूण हललं. तिचा नवरा जागा होता. तो तोंडावरचं पांघरूण न काढताच म्हणाला, “जाऊन ये की.” बस, एवढंच. मुबीनाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुम्ही येणार बरोबर?”

“येते.”

शैलजाबाई पन्नाशीच्या होत्या. साडीवर राखाडी स्वेटर, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. मुबीनाला पहारेकऱ्याच्या केबिनपाशी बसवून मी एकटी आत गेले. कारण खरं सांगितल्याशिवाय मुबीनाला त्यांच्यापुढे उभं करणं मला बरं वाटेना. मी सांगत गेले. त्या हातातलं पेन टेबलावर ठेवून ऐकत होत्या.

“म्हणजे नसरीन नाहीच?”

“नाही.”

“आणि तो आवाज?”

“माझा.”

माझ्या केसांकडे, चेहऱ्याकडे त्या बघत राहिल्या. बाहेर पुठ्ठा कापायचं यंत्र एका ठरावीक तालात धडधडत होतं.

“मी त्या मुलीचा विचार करत होते,” त्या म्हणाल्या. “नव्या ठिकाणी बरी असेल ना, म्हणून. दोनदा वाटलं फोन करावा. मालक अजून मला ऐकवतात त्यावरून. महिना उलटून गेला.” मग पेन पुन्हा उचलून, “तुमच्या त्या अभ्यासात मी कुठे आहे?”

“फोन केला, एवढंच आहे.”

“एवढंच?”

“हो.”

त्या रागावल्या होत्या, पण त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. “ती कोण बसली आहे?”

“मुबीना. तिच्याजवळ सगळे कागद आहेत. ती…”

“तिचं ती सांगेल,” शैलजाबाई म्हणाल्या. “तिला आत पाठवा. आणि तुम्ही इथे बसू नका.”

मी बाहेर आले, मुबीनाला आत पाठवलं, आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. होसूर रोडवरून येणारे ट्रक त्या आतल्या रस्त्यावर वळत होते आणि धूळ उडत होती. एका टपरीवर मी चहा मागितला आणि तो हातात धरून निवू दिला. मला तिथे राहायला सांगायला कुणी नव्हतं आणि जायलाही. ती बाहेर आली तेव्हा डोक्यावरून घसरलेली ओढणी तिने सावरलीही नव्हती.

“उद्यापास्नं ये म्हणाल्या. जागा अजून भरली न्हाई, मालकांचं मी बघते म्हणाल्या. महिनाभर बघू म्हणाल्या, मग पक्कं.” तिने माझा हात धरला. “लई प्रश्न इचारले. नाव पण इचारलं. थांबल्या न्हाईत, ताई.”

मग तिने निपाणीला आईला फोन लावला. बस येईपर्यंत ती घरच्या बोलीत भरभर बोलत होती, हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. त्या बोलीतलं मला निम्मंच कळलं. मी तिची पिशवी धरून शेजारी उभी होते.

नंतरच्या गोष्टी हळूहळू घडल्या. महिन्याने तिचं काम पक्कं झालं. रविवारी ती आठवड्याचे कपडे धुवायची, झोपायची. मी गेले की उठून बसायची, पण तिच्या डोळ्यांत झोप दिसायची, मग मी जाणं कमी केलं. फोन राहिले. फोनवर ती कंपनीतल्या गोष्टी सांगायची, ज्यांतली माणसं मला माहीत नव्हती. मग फोनही ईदला आणि दिवाळीला, एवढे झाले. ते तसंच व्हायला हवं होतं. माणूस कामाला लागतो म्हणजे दुसरं काय होतं?

आमचा अभ्यास पुरा झाला. दीपा आणि नसरीन यांना आलेल्या फोनांमधला फरक योगायोगाचा नव्हता, एवढं आम्हाला ठामपणे म्हणता आलं. एका मोठ्या थंडगार सभागृहात मी ते मांडलं. लोकांनी नमुन्याबद्दल विचारलं, त्रुटीबद्दल विचारलं, मी उत्तरं दिली. पडद्यावर दोन उभे खांब होते, एक उंच, एक बुटका. त्या बुटक्या खांबात कुठेतरी शैलजाबाई होत्या. मी अहवालाची एक प्रत त्यांना पाठवली, सोबत माफीचं पत्र. त्यांचं उत्तर आलं नाही. मी ते मांडलं त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत एका तरुण मुलीने मला विचारलं, “मॅम, इतके दिवस खोटं बोलून तुम्हाला वाईट नाही वाटलं?” मी तिला म्हटलं की खोटं बोलताना माझ्याशी सगळे बोलत होते. तिला ते कळलं नसावं. ती हसली आणि ताट घेऊन पुढे गेली.

दोन वर्षांसाठी आले होते, ती दोन कधीच होऊन गेली. आता मी भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करते. सावित्रीअक्का निवृत्त होऊन अथणीला गेल्या. आणि यंदाच्या थंडीत बेकारीची ती पाहणी पुन्हा निघाली, त्याच घरांची, मधल्या काळात कुणाचं काय झालं ते बघायला. घरांची वाटणी करताना बोम्मसंद्राची गल्ली मी स्वतःकडे घेतली. मुबीनाला आधी कळवलं नाही. अशा पाहणीत कळवायचं नसतं, आणि खरं तर कळवलं असतं तर ती सुट्टी टाकून थांबली असती.

दुपारी गेले. गल्ली तशीच होती, निळे सदरे तसेच. तिच्या दाराला कुलूप होतं. दाराच्या बाजूला एक लहानशी नवी सायकल उभी होती, साखळीने खिडकीच्या गजाला बांधलेली. मी कुलपाकडे बघत उभी राहिले. आमच्या कामात बंद घर म्हणजे नुकसान. उत्तर मिळत नाही, पुन्हा यावं लागतं, आणि तरीही बंद असलं तर ते घर गळतं. मला मात्र तिथून हलावंसं वाटेना. इतक्या वर्षांत इतक्या दारांवर मी प्रश्न विचारले, पण इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतून एक बाई बाहेर आली. कडेवर मूल. ती कन्नडमध्येच म्हणाली, “कामावर गेलीय. दोघीही गेल्यात, ती आणि तिची जाऊ. तिनेच लावून दिलं जावेला तिथे. संध्याकाळी या, सहानंतर.”

“सरी,” मी म्हटलं.

ती मला वरपासून खालपर्यंत बघत होती. गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र मी पिशवीत ठेवलं होतं. कधी ठेवलं ते माझं मलाच आठवेना.

“यारु नीवु?” तिने विचारलं. तुम्ही कोण?

सोलापूरहून निपाणीला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. मी तिथे आयुष्यात कधी गेलेले नाही.

“अवर ऊरिनवरु,” मी म्हटलं. तिच्या गावची.